टोकाची जागा

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे, एवढेच मला छातीठोकपणे सांगता येते. कुणाचा बाक, हे विचाराल तर माझाच गोंधळ उडतो.

सुताराने मला चर्चसाठी घडवले. माझ्या एका टोकाला, हात टेकायच्या दांडीखाली, लाकडात एक गाठ होती. सुतार म्हणाला, "राहू दे. माणसाच्या अंगावर तीळ असतो, तसा हा बाकाचा."

त्या टोकाला दर रविवारी घंटावाले आजोबा बसत. तेव्हा ते आजोबा नव्हते, काळ्याभोर केसांचे गडी होते. शेवटच्या प्रार्थनेला सगळे डोळे मिटत, तेव्हा हे एकटे मांजराच्या पावलांनी उठत आणि दोरीपाशी जात. सगळ्यांनी 'आमेन' म्हटले रे म्हटले की वर घंटा बोललीच पाहिजे, अशी तिथली रीत. उठण्याआधी त्यांची बोटे माझी गाठ चाचपत आणि ओठांत गुणगुणणे चाले:

दोरीला ओढावं हलक्या हाताने,
पाखरू उठावं आपल्या मनाने.

पुढे चर्चमध्ये खुर्च्या आल्या. त्याच सुमारास चर्चमधल्या काही मंडळींनी पोलिसांना साथ द्यायचे ठरवले. हरवलेली, घाबरलेली, भांडून आलेली माणसे चौकीत ताटकळत बसतात. त्यांच्याजवळ कुणीतरी बसावे, समोर नव्हे, शेजारी. शेजारी बसायला बाक लागतो. म्हणून मोठ्या सडकेपलीकडच्या चौकीत माझी रवानगी झाली.

तिथे मी चक्रावलोच! तिकडे माणसे माझ्यावर मान खाली घालून बसत, इकडेही तशीच. तिकडे म्हणत "क्षमा कर", इकडे म्हणत "साहेब, एकडाव सोडा". भिंती तेवढ्या बदलल्या होत्या. मी चौकीत आहे की अजून चर्चमध्येच, हे मला पुष्कळदा उमगत नसे.

एका मंगळवारी दुपारी, चौकीत बसायची पाळी असलेल्या, चर्चमधल्या नर्सताईंनी एका म्हाताऱ्याला हाताला धरून आणले. बस थांब्यावर ते प्रत्येकाला आपले घर विचारत होते. म्हातारे माझ्या टोकाला बसले, बोटे खाली गेली आणि गाठीवर थांबली. माझे घंटावाले! सगळे विसरले होते, बोटे तेवढी विसरली नव्हती.

ताई त्यांना चर्चमधून ओळखत; त्यांनी दिलेल्या नंबरवर हवालदाराने आजोबांच्या लेकीला फोन लावला. तिचा आवाज मलाही ऐकू आला. "मी निघालेच. तोवर त्यांना उठू देऊ नका हो! मागच्या खेपेला ट्रकखाली जाता जाता वाचले."

"जागचे हलू देत नाही, ताई," हवालदार म्हणाला.

नर्सताईंचा जीव भांड्यात पडला. "देवाचे आभार मानू या का, हवालदार?"

"माना की. मला तुमचं काही येत नाही बरं."

"काही यावं लागत नाही. डोळे मिटा, झालं."

हवालदाराने टोपी काढली आणि डोळे घट्ट मिटले. ताईंची प्रार्थना सुरू झाली. गाठीवरची बोटे हलली. मला वाटले, आज रविवारच आहे. आजोबांनाही तेच वाटले असणार. ते मांजराच्या पावलांनी उठले.

"आमेन," ताई म्हणाल्या. डोळे उघडले. टोक रिकामे!

"अहो, आत्ता तर इथं होते!" हवालदार बाकाखाली वाकून पाहू लागला, जणू म्हातारा म्हणजे पडलेले नाणे. दोघे दाराबाहेर धावले. बाहेर सडक भरधाव वाहत होती. हवालदार डावीकडे गेला, ताई उजवीकडे. आजोबा कुठे गेले हे मला ठाऊक होते, पण लाकडाला कुठली जीभ?

आणि मग घंटा वाजली. हलक्या हाताने.

"मंगळवारी घंटा?" हवालदार जागीच थबकला.

"अगंबाई, शेवटची प्रार्थना!" ताई ओरडल्या. "ते दोरीपाशी गेलेत!"

आजोबांना घेऊन दोघे परतले, तेव्हा लेक दारात उभी होती. सगळे ऐकून ती म्हणाली, "दोघंही डोळे मिटून बसलात? ताईंचं समजू शकते. पण हवालदार, तुम्हीसुद्धा?"

"यांनीच सांगितलं मिटा म्हणून," हवालदार पुटपुटला.

लेकीला हसू आले आणि त्यातच रडू फुटले. "बाबा, एवढी सडक ओलांडलीत कशी?"

"सोपं आहे," आजोबा म्हणाले. "सगळ्यांचे डोळे मिटलेले होते ना. पण पोरी, दोरी फार लांब नेऊन ठेवलीय गं यांनी. घंटेला उशीर झाला का?"

तिने त्यांचा हात हातात घेतला. "नाही बाबा. अगदी आमेनला वाजली."

तेव्हापासून चौकीत प्रार्थना असली की हवालदार टोपी काढतो, हात जोडतो आणि डोळे टक्क उघडे ठेवून माझ्या टोकाकडे पाहत राहतो. ताई डोळे मिटतात, तो मिटत नाही. आणि दोघांपैकी प्रार्थना नक्की कोण करतो, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

मित्रांनो, उद्या मला रंग देणार आहेत म्हणे. द्या बापडे. पाय डगमगतात, तिथे खिळेही ठोका. पण टोकाची ती गाठ तेवढी घासू नका. आजोबा कधीकधी लेकीचा हात धरून येतात, आणि आधी बसत नाहीत. वाकून ती चाचपतात.