मोठ्या आईनं ‘जा’ म्हणायचं होतं

कोंढ्यात रक्षाला रक्षा म्हणणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजावीत. बाकी साऱ्या गावाची ती केतकी. किराण्याच्या दुकानात केतकी, दवाखान्यात केतकी, पवनीच्या बसमध्ये चढली की कंडक्टरसुद्धा म्हणणार, सरका बाप्पा, केतकीले बसू द्या. आता खरं सांगायचं तर टीव्हीच्या मालिकेतली केतकी होणं तिनं लग्न ठरताच सोडलं होतं. चॅनलनं लगेच दुसरी मुलगी आणली, तिला त्याच साड्या नेसवल्या आणि उभी केली. गावानं तिचं नाव ‘नकली केतकी’ ठेवलं आणि बघणं मात्र एक दिवस चुकवलं नाही. पण या नकली केतकीच्या तोंडचा शब्द न् शब्द रक्षाच लिहीत होती, कोंढ्याच्या ओसरीवर मांडी घालून. चेहरा बदलला होता, जीभ तीच होती.

लिहिण्याचं हे खूळ तिला सेटवर लागलं. मूळची ती साकोलीकडच्या एकोडीची. दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकांतून कामं करत करत मुंबईला गेली. तिथं ‘मी जाते’ म्हणायला शिकण्यातच तिचं वर्ष गेलं, कारण इकडे बायाही ‘मी जातो’च म्हणतात आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. मालिकेचे कागद सेटवर गरमागरम यायचे, शाई वाळायच्या आत पाठ करायचे आणि बोलून मोकळं व्हायचं. रक्षाला ते जमेना. माणूस असं बोलतं का, म्हणून ती अडून बसायची आणि स्वतःच्या मनानं वाक्य बोलून टाकायची. लेखकबुवा चिडले, रुसले, शेवटी कंटाळून म्हणाले, इतकं कळतं तर तूच लिही. तिनं लिहिलं. तेव्हापासून जी लिहायला बसली ती बसलीच.

मालिकेतल्या सासूचं, म्हणजे मोठ्या आईचं काम करणाऱ्या रूपाताईसुद्धा आपला कागद घेऊन तिच्या मेकअपरूममध्ये यायच्या. रक्षा, हे माझ्या तोंडात बसत नाही गं. एकदा असा सीन आला की थोरल्या सुनेला परगावी नोकरी लागते आणि मोठी आई तिला आनंदानं निरोप देते. रक्षानं कागद वाचला आणि मोठ्या जाणतेपणानं सांगितलं, “रूपाताई, सुनेला ‘जा’ म्हणणारी सासू लोकांना पटत नाही. तिला अडवा. पदर डोळ्याला लावा आणि अडवा.” रूपाताईंनी अडवली. तो सीन घराघरातल्या मोबाइलवर फिरला, रूपाताईंना त्या वर्षीचं बक्षीस मिळालं आणि त्यांनी रक्षाला पैठणी घेऊन दिली. तेव्हा रक्षाची कॉलर काय टाइट झाली होती म्हणून सांगू!

मग वीरेंद्रचं स्थळ आलं. कोंढ्यात त्याचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान, घरी आई, चार एकर धानाची बांधी. माणूस गोड. पहिल्याच भेटीत तो म्हणाला होता, “लिवाले काय लागते? लिवणं कुठूनबी होते.” रक्षा त्या एका वाक्यावर भुलली. तिला वाटलं, याला आपलं काम कळतं. पुढं कळलं की घराला बाहेरून लावलेली कडी तीच. नागपूरला मीटिंग आहे? फोनवर कर ना, लिवणं कुठूनबी होते. मुंबईला शूटिंग बघून यावं म्हणते? कायले, लिवणं कुठूनबी होते. कुठूनही होतं म्हणून मग कोंढ्यातूनच होत राहिलं.

घर वाईट होतं असं कोणी समजू नका. वाईट असतं तर सोपं झालं असतं, एक कडाक्याचं भांडण आणि पिशवी उचलून सुटका. सासू रत्नाबाई लाख माणूस. सून लिहायला बसली की शेजारच्या मंदाबाईला दारातूनच परतवून लावायची. चहा हातात आणून द्यायची. मारोतराव, म्हणजे सासरे गेल्यावर ही बाई वर्षभर कोणाशी धड बोलली नव्हती. लेक गोंदियाकडे दिलेली, वीरेंद्र दिवसभर दुकानात. रक्षा आली आणि संवाद मोठ्यानं बोलून बघायची तिची सवय होती, तर समोर बसून ऐकायला रत्नाबाईच आयती सापडली. रोज सकाळी कामं आटोपली की ओसरीवर दोघींची बैठक. रक्षा केतकी होऊन बोलायची, दीर होऊन बोलायची, मोठी आई होऊन बोलायची. रत्नाबाई विळीवर भाजी चिरता चिरता ऐकायची आणि निकाल द्यायची: बसला, नाही तर नाही बसला. तिनं नाही म्हटलेलं वाक्य रक्षा ठेवत नसे. आणि रत्नाबाईही पोटातलं ओठांवर येऊ देत नसे, मंदाबाईनं उद्या काय होणार म्हणून कितीही खोदून विचारलं तरी.

“तू आली अन् घराले बोलणं आलं, पोरी,” ती एकदा म्हणाली होती. “नाही त मी भिंतीसंगं बोलत बसली असती.”

हे वाक्य रक्षानं मालिकेत वापरलं नाही. तिचा धीर झाला नाही.

एवढ्यात चॅनलच्या प्रतिक्षाचा फोन आला. नवी मालिका, आणि नुसते संवाद नाहीत तर कथासुद्धा रक्षाची. इतकी वर्षं दुसऱ्यानं शिजवलेल्या भातावर ती वरण वाढत होती, आता चूल तिची होणार होती. फक्त एक होतं. मुंबईत राहायला हवं, रोज चार जणांबरोबर एका खोलीत बसून गोष्ट रचायची. कुठूनही होणारं हे काम नव्हतं. दसऱ्यानंतर होय की नाही ते कळव, म्हणाली, नाहीतर दुसरं नाव तयार आहे.

रक्षाला आनंद मावेना. वीरेंद्रला सांगितलं तर तो हसला, कौतुकानं बघितलं आणि म्हणाला, “आईले विचार. आई हो म्हणाली त माही ना नाही.” झालं! हात झटकून मोकळा. आता आईला विचारायचं कोणी आणि कसं? घरच्या बाईला एका वाक्यात सांगायचं, आई, मी जातो. तीन शब्द. जी बाई महाराष्ट्रातल्या अर्ध्या सुनांच्या तोंडी शब्द घालते तिला स्वतःचे तीन शब्द जुळेनात. ओसरीवर जायची, तोंड उघडायची आणि केतकीचं काहीतरी वाचून परत यायची.

आणि इथंच तिनं ती चूक केली. आयुष्य दुसऱ्यांच्या तोंडून बोलण्यात गेलेलं माणूसच असली चूक करू शकतं. तिनं ठरवलं, हे केतकी बोलेल. केतकीला परगावी काम मिळतं, ती बॅग घेऊन दारात उभी राहते, आणि मोठी आई म्हणते, “जा. घर कुठं पळून जातंय? मी आहे ना इथं.” मोठ्या आईवर रत्नाबाईचा जीव होता. मोठ्या आईनं उपवास धरला तर हीही धरायची. तिनंच ‘जा’ म्हटलं की रत्नाबाईच्या मनातही ‘जा’ रुजेल आणि मग आपण विचारायचं, असा हिशेब. लहान पोराला औषध गुळात द्यावं तसा.

खरं तर मालिकेत कोणी घर सोडतच नाही. बाहेरचं शूटिंग परवडत नाही, म्हणून निघालेली सून नेहमी दारातूनच परत येते. रक्षानं स्वतः कितीदा तरी केतकीला त्या उंबऱ्यावरून मागं फिरवलं होतं. या वेळी तिनं प्रतिक्षाशी भांडून भांडून एका बसस्टँडची परवानगी मिळवली. सीन पास झाला. तो मात्र तिनं ओसरीवर वाचला नाही. आज काही वाचत नाहीस का, म्हणून रत्नाबाईनं विचारलं तर नेट बंद आहे म्हणून ठोकून दिलं. रत्नाबाईनं तिच्याकडे एकदा बघितलं आणि विळी पुढं ओढली.

तो भाग लागायचा होता त्या दिवशी संध्याकाळी रक्षा सारखी घड्याळाकडे बघत होती. मंदाबाई आल्या, आणखी दोघी-तिघी आल्या, टीव्हीसमोर सतरंजी पडली. रक्षा दाराशी टेकून उभी राहिली, तिला टीव्ही बघायचाच नव्हता, तिला सासूचं तोंड बघायचं होतं.

केतकी बॅग घेऊन दारात आली. सगळं लिहिल्याप्रमाणे. कॅमेरा मोठ्या आईवर गेला. रक्षाच्या ओठांवर ते वाक्य आलंसुद्धा, जा, घर कुठं पळून जातंय. आणि रूपाताईंनी पदर डोळ्याला लावला.

“जा म्हणू? कोणत्या तोंडानं म्हणू? तू गेलीस तर मी या घरात कोणाशी बोलू?”

नकली केतकीच्या हातातून बॅग पडली. ती धावत जाऊन पाया पडली, मी कुठंच जाणार नाही म्हणाली, आणि तिचं ते रडणं तीन बाजूंनी तीन वेळा दाखवलं. मंदाबाई हुंदके द्यायला लागल्या. खाली पट्टी सरकली, संवाद आणि पुढं रक्षाचं नाव. रत्नाबाई रडत नव्हती. ती वळून सुनेकडे बघत होती.

“हा सीन तू मले वाचून नाही दाखवला,” ती म्हणाली.

रक्षानं मागच्या दारी जाऊन प्रतिक्षाला फोन लावला. प्रतिक्षा खुशीत होती. अगं, रूपाताईंनी ऐन वेळी सेटवरच बदललं. म्हणाल्या, सुनेला ‘जा’ म्हणणारी सासू लोकांना पटत नाही, हे मला रक्षानंच शिकवलंय. दिग्दर्शकालाही आवडलं, काय वजन आलं बघ सीनला! बसस्टँड वाचला ते वेगळंच. आता पुढच्या भागात केतकी बॅग उघडून साड्या परत कपाटात लावते, तेवढं सकाळपर्यंत हवंय. आणि हो, आपल्या त्या दुसऱ्या गोष्टीचं काय ठरलं? दसरा झाला गं.

चॅनलला द्यायचं रक्षाचं एक ठरलेलं उत्तर होतं. नायिकेला आंधळी करा म्हणाले, मेलेल्या दिराला परत आणा म्हणाले, तरी तेच. “हो, बदलून देते,” ती म्हणाली. दुसऱ्या गोष्टीचं उद्या सांगते, म्हणाली.

सकाळी तिनं साड्या कपाटात लावल्या, म्हणजे केतकीच्या. लिहिताना तिला स्वतःचीच चीड आली. आपणच कधीकाळी शिकवलेलं आपल्याच गळ्यात येऊन पडलं होतं आणि दोष द्यायला समोर कोणी नव्हतं. मग तिनं लॅपटॉप बंद केला आणि हात हलवत ओसरीवर गेली. आज केतकी नको, गूळ नको, काही नको.

रत्नाबाई सिंगाडे सोलत बसली होती, तलावातले ताजे, हिरवे. रक्षा समोर बसली. तिचा आवाज सेटवरचा निघाला नाही, एकोडीचा निघाला.

“आई, मले मुंबईले जायचं हाये. तिथं राहून काम कराचं हाये. तुम्ही एक डाव ‘जा’ म्हना.”

विळीवरचा हात थांबला. रत्नाबाईनं सुनेकडे बघितलं. समोर ना कागद होता, ना लॅपटॉप. तिला सगळं कळलं हे रक्षाला लख्ख दिसलं, न वाचलेला सीन, बंद पडलेलं नेट, दारात टेकून आपल्या तोंडाकडे बघणारी सून, सगळं एकाला एक जुळलं. रत्नाबाईचे डोळे भरून आले. ओठ हलले. क्षणभर असं वाटलं की आता ती म्हणेल.

मग तिनं मान खाली घातली आणि सिंगाडा पुन्हा विळीवर धरला. 

“नाही बसला हा डायलॉग,” ती म्हणाली. “लोकाइले नाही आवडनार. बदलून टाक, पोरी.”

हा डायलॉग नाही, आई, एवढंच म्हणायचं होतं. रक्षाच्या ते जिभेवर होतं. पण हा डायलॉग नाही हे त्या बाईला माहीत होतं, आणि माहीत असूनच ती बोलली होती. तिला आता पदर डोळ्याला लावून अडवायचीही गरज नव्हती. रोज सकाळी ती देते तोच निकाल तिनं दिला होता, आणि तिनं नाही म्हटलेलं वाक्य या घरात कधीच राहिलं नव्हतं. रत्नाबाईनं सोललेला सिंगाडा पुढं केला. रक्षानं तो घेतला.

“हो आई,” ती म्हणाली. “बदलून देतो.”