सव्वासातला बंद होणारा समुद्र

अरे थांबा, मधे मधे विचारू नका, मग माझी लिंक तुटते. पहिल्यापासून सांगते.

सिद्धेश आमच्या डोक्यावर राहतो. खरोखर डोक्यावर. वसईत एव्हरशाईनला आम्ही तिसऱ्या मजल्यावर, तो चौथ्या. घर वन बीएचके. त्यात माणसं तीन: तो, त्याची आई लतिकाकाकू, बाबा चंद्रहासकाका. आणि समुद्र चार. म्हणजे खाऱ्या पाण्याचे चार फिशटँक. दोन हॉलमध्ये, एक पॅसेजमध्ये, एक काका-काकूंच्या बेडरूममध्ये, कारण झोपताना आपल्याला मासे बघत असले की किती छान वाटतं ना. ज्या बिल्डिंगमध्ये पाणी दिवसाला पाऊण तास येतं तिथे ह्या माणसाला समुद्र घरात पाहिजे. खरा समुद्र सुरुची बागेपाशी फुकट पडलाय. पण नाही, हा फिल्टरचं पाणी जमवणार, त्यात खास मीठ घालणार, आणि मग चव न घेता आपल्याला सांगणार की खारटपणा एकदम परफेक्ट आहे.

तर दर रविवारी चारही टँकचं थोडं थोडं पाणी बदलायचं. बादल्या इकडून तिकडे. थेंब लाद्यांवर सुकले की पांढरे डाग. सोफ्याचा एक पाय गंजून तुटला, त्याच्याखाली आता जुनी डिरेक्टरी आहे. काकूंनी जाहीर केलं की खूप झालं, सगळं फ्लॉईडकडे नेऊन टाक. फ्लॉईड म्हणजे आपला वसई गावातला, ज्याच्या मागे वाडी आहे, विहीर आहे, जागाच जागा. त्याला मासे ठेवायला काहीच हरकत नव्हती. फारच वाईट वाटलं त्याला, म्हणजे तोंडावर. बाकी त्याने ओटीवर जागा मोजून ठेवली होती.

सिद्धेशचा जीव अर्धा झाला. कारण हॉलच्या मोठ्या टँकमध्ये ते नारिंगी पट्टेवाले दोन मासे आहेत ना, ते त्याने पहिल्या स्टायपेंडमधून आणलेत, आणि ते ज्या ॲनिमोनमध्ये, म्हणजे दगडाला चिकटलेल्या त्या फुलासारख्या समुद्री प्राण्यात, राहतात तो त्याने बोटाएवढा होता तेव्हापासून चार वर्षं वाढवलाय. आता ताटाएवढा झालाय. त्याला दगडावरून सोडवून टेम्पोत घालून वसई गावात नेला की नव्वद टक्के मेला. हे फ्लॉईडसुद्धा मान्य करतो.

मग साहेबांना आयडिया आली. चारही टँक पाईपने जोडायचे. बाल्कनीत खाली एक मोठी टाकी, त्यात एकच फिल्टर, एकच पंप. पंप पाणी वर चारही टँकमध्ये ढकलणार, टँक भरला की वरचं पाणी आपोआप पाईपातून खाली टाकीत पडणार, परत पंप, परत वर. चोवीस तास गोल गोल. पाणी बदलायचं ते फक्त बाल्कनीत. बादली घरात फिरणारच नाही. त्याने मला हे दहा वेळा समजावलं आणि मी दहाही वेळा मान हलवून फोन बघितला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

काकूंनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "जमिनीवर एक थेंब दिसला, तर रविवारी टेम्पो."

"चालेल," सिद्धेश म्हणाला. इतक्या कॉन्फिडन्सने, जसं काय पाणी त्याचं ऐकतं.

प्लंबर म्हणून आले ऑगस्टीन अंकल. तीस वर्षं वसईत टाक्या जोडतायत. फिशटँक त्यांनी आयुष्यात जोडला नव्हता, पण टाकी ती टाकी, पाणी ते पाणी, असं त्यांचं म्हणणं. दोन गोष्टींवरून दोघांचं वाजलं. अंकल म्हणाले परतीचा पाईप दीड इंची घे. सिद्धेशने इंटरनेटवर वाचलं होतं की एक इंची पुरतो. एक इंची बसला. दुसरं, सिद्धेश म्हणत होता की परतीच्या पाईपाला कॉक नको, तो कायम उघडाच असला पाहिजे. अंकलनी हातातला पाना खाली ठेवला. म्हणाले कॉक नसलेली लाईन मी टाकत नाही, उद्या काय झालं तर लोक माझं नाव घेतील. शेवटी चारही पाईपांना कॉक बसले, लाल मुठीचे, मस्त, तसेच जसे आपल्या सगळ्यांच्या मोरीत असतात.

भिंतीला भोकं पडली. चंद्रहासकाका ऑफिसवरून आले, बेडरूमच्या भोकाला डोळा लावून हॉलमध्ये काकूंना बघितलं आणि म्हणाले बरं झालं, आता हाक मारायला नको.

आणि अरे, चाललं ते. आठ दिवस खणखणीत चाललं. मासे खूश, लाद्या कोरड्या. फक्त आवाज. परतीच्या पाईपातून सारखं गुळगुळ, गुळगुळ. काकू म्हणायच्या, घरात कोणीतरी सारखं आंघोळ करतंय असं वाटतं.

आता बुधवार.

सिद्धेश गेला होता फ्लॉईडकडे, शेवाळ खाणाऱ्या गोगलगाई आणायला. मी वर काकूंकडे बसले होते, त्यांनी थालीपीठ केलं होतं. तुम्हाला माहितीय की काकू आमच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या इन्चार्ज आहेत. कोणी नेमलं नाही, त्या आहेत. साडेसहाला पाणी येतं, सव्वासातला जातं, आणि ज्याच्या घरी नळ उघडा राहून पाणी वाया जातं त्याचं नाव त्या खाली बोर्डावर लावतात. माझ्या आईचं दोनदा लागलंय. तर सव्वासात वाजले, पाणी गेलं, आणि काकू रोजच्यासारख्या घरभर फिरल्या. मोरीचा कॉक बंद. बाथरूम बंद. बेसिन बंद. एरवी ह्या वेळी टीव्हीत तो आवाज दबतो, त्या दिवशी टीव्ही बंद होता, म्हणून थांबल्या. कान दिला. कुठेतरी पाणी वाहतंय. गुळगुळ, गुळगुळ. हॉलमध्ये आल्या, मोठ्या टँकशेजारी वाकल्या, लाल मूठ आडवी केली. आवाज बंद. हात पदराला पुसले आणि मला विचारलं दही पाहिजे का.

आणि मी काय केलं? दही घेतलं. खरं सांगू, मलाही बरं वाटलं. पाणी वाहायचं थांबलं की आपल्याला आतून बरं वाटतंच. जन्मापासून पाऊण तास पाणी बघितलंय मी, मला काय कळणार.

थालीपीठ संपवून घरी आले. दहा मिनिटांत आमच्या हॉलच्या पंख्यातून ठिबक ठिबक. आईने बोट लावून चाटलं. म्हणाली खारट आहे. माझी आई जगातली एकमेव बाई असेल जी गळतं छत चाखून बघते.

वर धावले. हॉलभर पाणी, काकूंची रबरी चप्पल दाराकडे निघालेली. काकूंनी मेन स्विच पाडला होता आणि घाबरून उरलेले तीन कॉकसुद्धा बंद करून टाकले होते. त्यामुळे सिद्धेश गोगलगाई घेऊन आला तेव्हा त्याला चारही कॉक बंद दिसले आणि कळायला काही मार्गच उरला नाही. त्याने एकट्यानेच निष्कर्ष काढला: पाईप एक इंची घेतला, पाणी उतरलं नाही, चूक माझी. ऑगस्टीन अंकलना फोन केला तर ते म्हणाले, दीड सांगितलं होतं. फोनवरून दिसत नव्हतं, पण हसत होते.

काकू फडकं पिळत म्हणाल्या, "ठरलं होतं ना?"

"हो," सिद्धेश म्हणाला. बस. भांडला नाही, काही नाही. मला तो भांडलेलाच आवडतो खरं तर.

दुसऱ्या दिवशी तो जिन्यात वहीवर पाईपांचं चित्र काढत बसला होता आणि मला अकराव्यांदा समजावत होता. वर पंपाने जातं, खाली ह्या पाईपाने येतं. खाली यायचं थांबलं तर वरून सांडणार. आणि अकराव्यांदा, मित्रांनो, मी ऐकलं. आणि मला बुधवारची ती आडवी केलेली लाल मूठ आठवली.

हो, माहितीय, लगेच सांगायला पाहिजे होतं. तुम्ही सांगा ना जाऊन. लतिकाकाकूंना, ज्यांनी अर्ध्या बिल्डिंगची नावं बोर्डावर लावलीत, त्यांना सांगा की पाणी तुम्ही सांडलंत. मी गुरुवारी हिंमत गोळा केली, शुक्रवारी ती सांडली, शनिवारी काकूंनी शिरा पाठवला. आणि वर सिद्धेश ॲनिमोनच्या दगडाशी हळूहळू बोलत होता. वेड्यासारखा. काका पेपर आडवा धरून बसायचे म्हणजे त्यांना ते दिसायला नको.

रविवारी संध्याकाळी फ्लॉईड टेम्पो घेऊन आला. वेळेच्या आधी. हा माणूस रविवारी चर्चमध्ये मासला वेळेत पोचत नाही. मासे पिशवीत भरेपर्यंत सगळी सिस्टीम चालू ठेवायची होती, म्हणून चारही कॉक उघडे, गुळगुळ चालू. छोटे टँक आधी रिकामे करायचं ठरलं. ॲनिमोन शेवटी. सिद्धेश म्हणाला शेवटी, आणि मग परत म्हणाला, अगदी शेवटी.

एवढ्यात सव्वासात वाजले.

काकू स्वयंपाकघरातून निघाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते त्या कांद्याच्या नावावर खपवत होत्या. मोरी बंद. बाथरूम बंद. बेसिन बंद. मग हॉलमध्ये आल्या, फ्लॉईडला जरा सरक म्हणाल्या, वाकल्या, लाल मूठ आडवी केली. आवाज बंद. हात पदराला पुसले आणि परत निघाल्या.

सिद्धेशच्या हातात पिशवी होती, ती तशीच. टँकमधलं पाणी चढायला लागलं. हळूहळू, काचेच्या वरच्या पट्टीपर्यंत. ते दोन नारिंगी मासे पण वर आले, त्यांना वाटलं खायला मिळणार.

"काकू," मी म्हणाले, "बुधवारी पण तुम्ही हाच बंद केला होता."

काकू वळल्या. टँककडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे. पाणी काठाला आलं, फुगलं, आणि एक थेंब खाली पडला. एकच. लादीवर टप्प. नियमाप्रमाणे टेम्पो.

मग काकू स्वतः गेल्या आणि मूठ उभी केली. गुळगुळ सुरू झाली. पाणी उतरलं. त्यांनी पदराने तो थेंब पुसला, इतका नीट, की जणू पडलाच नव्हता.

सिद्धेशचं तोंड उघडलं होतं.

"ह्या ऑगस्टीनला कोणी सांगितलं होतं मोरीसारखी मूठ लावायला?" काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "आणि तुला माहीत होतं तर चार दिवस तोंड काय शिवलं होतंस? आमच्या घरी खायला येतं तेवढं उघडतं."

तर शेवटी चूक कोणाची निघाली? ऑगस्टीन अंकलची आणि माझी. काकूंनी पाना मागवला, चारही लाल मुठी काढल्या आणि मिसळणाच्या डब्याशेजारी ड्रॉवरमध्ये टाकल्या. सिद्धेश म्हणाला की अगं आई, मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो, कॉक नको. काकू म्हणाल्या मग नीट म्हणायचं.

काकांनी पेपर सरळ केला. टेम्पोवाल्याला चहा दिला. फ्लॉईड चार रिकाम्या बादल्या घेऊन गेला, आणि जाताना विचारत होता की गोगलगाई तरी परत मिळतील का.

आमच्या छतावर डाग आहे अजून, पंख्याभोवती, पांढरा. काकूंनी बघितला. म्हणाल्या, रंग उडालाय गं तुमचा, लक्ष नसतं तुमचं घराकडे. आणि काल सव्वासातला आमच्या मोरीचा नळ उघडा राहिला, तर बोर्डावर नाव लागलंय. आईचं नाही. माझं.