प्रार्थनेनंतरचं पाणी

सुलक्षणाचा नंबर आला तशी तिने घसा साफ केला आणि "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणायला सुरुवात केली. कुठे अडखळली नाही, थांबली नाही. पोरं शाळेत पाढे म्हणतात तशी शेवटापर्यंत गेली, "आमेन" म्हणाली आणि गप्प झाली.

तिच्या वडिलांचे, अंबादासरावांचे, डोळे मिटलेलेच होते, पण कपाळाला आठी पडली. दिवाळी झाल्यापासून रोज हेच चाललं होतं.

भिंगारदिव्यांच्या घरात संध्याकाळच्या प्रार्थनेला पाठ केलेलं कुणी म्हणत नसे. ते लहान पोरांनी आणि पाहुण्यांनी म्हणायचं. घरच्या माणसाने आपलं आपण बोलायचं, आपल्या शब्दांत, जे मनात असेल ते. अंबादासरावांचे वडील नगरकडे खेड्यापाड्यांतून पायी फिरणारे प्रचारक होते. ते म्हणायचे, "बापाशी बोलताना कुणी पुस्तक उघडतं का रे?" दुसरा नियमही त्यांचाच. शेवटचं आमेन होईपर्यंत डोळे उघडायचे नाहीत, आणि प्रार्थनेत जे ऐकलं ते प्रार्थनेतच ठेवायचं. या दुसऱ्या नियमाचा पहिला अर्धा भाग अंबादासरावांनी मुलुंडच्या या दोन खोल्यांत इमानेइतबारे पाळला. दुसऱ्या अर्ध्याचं काय झालं ते सगळ्या घराला ठाऊक होतं.

"आमेन झालं की यांना तहान लागते," शेवंताबाई आल्यागेल्याला हसून सांगायच्या.

खोटं नव्हतं ते. प्रार्थना संपली की अंबादासराव पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात जायचे. माठाच्या वर खिळ्याला जुन्या कॅलेंडरची पानं अडकवलेली होती आणि दोऱ्याला पेन्सिल बांधलेली. आत्ताच कानावर पडलेलं एखादं वाक्य शिळं होण्याआधी ते तिथे उभ्याउभ्या लिहून घेत. मेहुण्याची दारू सुटावी म्हणून शेवंताबाईंनी देवाशी घातलेला वाद तिथूनच चर्चच्या मंडळीच्या मासिकात गेला. म्हातारपणी अंधाराची भीती वाटते म्हणून त्यांच्या आईने रडत केलेली प्रार्थनाही गेली. शाळामास्तर माणूस, पण गोष्टी अशा लिहायचा की वाचणारे म्हणत, "मास्तर, तुमच्या गोष्टीतली माणसं किती खरं बोलतात हो!" बोलणारच. खरीच माणसं होती ती, देवाशी बोलत होती आणि मास्तर ऐकत होते. घरातलं कुणी कधी रागावलं नाही. उलट मेहुण्याने तर तो अंक गावभर दाखवला.

यंदा शाळा सुरू झाल्या त्या आठवड्यात सुलक्षणा प्रार्थनेत म्हणाली होती, "प्रभू, ज्याचं नाव मला या घरात घेता येत नाही, त्याच्या आईला बरं कर. तिला एवढी दिवाळी तरी बघू दे."

अंबादासराव त्या संध्याकाळी माठापाशी कितीतरी वेळ उभे राहिले.  काय वाक्य होतं! तीस वर्षं लेखणी झिजवली तरी असं एक वाक्य आपल्याला सुचलं नसतं, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. पाणी प्यायचं राहूनच गेलं. मग त्यांनी दिवस-रात्र एक करून गोष्ट लिहिली. दिवाळीच्या जागी नाताळ घातला, कारण ख्रिस्ती मुलीच्या तोंडी तेच शोभतं. शेवटी नाताळच्या सकाळी ती आजारी बाई अंथरुणात उठून बसते आणि चहा मागते. गोष्ट एका मोठ्या दिवाळी अंकाने घेतली. मंडळीबाहेर त्यांचं नाव पहिल्यांदाच छापून आलं.

अंक घरी आला तेव्हा सुलक्षणाने तो गॅलरीत उभं राहून वाचला, मिटला आणि त्यांच्या हातात दिला.

"छान झालीय, पप्पा," ती म्हणाली. आणि त्या संध्याकाळपासून पाठ केलेली प्रार्थना सुरू झाली.

बोलणं तिने टाकलं नव्हतं. घाटकोपरच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून यायची, आईला भाजी चिरून द्यायची, त्यांना चहा करून द्यायची. पण जे बोलायची ते भाजीचं आणि चहाचं. अंबादासरावांना आधी राग आला. मग चुटपुट लागली, आणि हल्ली तर भीतीच वाटायला लागली होती. पोरगी देवाशी बोलेनाशी झाली की आपण ऐकतो म्हणून बोलेनाशी झाली? हे तिला विचारायचं कसं, ते त्यांना समजत नव्हतं. एवढी पात्रं बोलती केली त्यांनी. पण घरातल्या पोरीसमोर जीभ टाळ्याला चिकटायची.

त्यातच पाळकसाहेबांचा निरोप आला. रविवारी नव्या पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा हंगामाचा सण आहे, उपासनेत तुमची ती गोष्ट वाचा.

सुलक्षणा साडीला इस्त्री करत होती.

"रविवारी वाचू का गं मंडळीत?" त्यांनी विचारलं. "तुझी हरकत नसेल तर."

"वाचा की. गोष्ट तुमचीच आहे."

इस्त्री एकाच जागी जरा जास्त वेळ राहिली. तिने ती चटकन उचलली. अंबादासरावांनी तेवढं बघितलं, पण 'वाचा' हा शब्द त्यांना जास्त मोठ्याने ऐकू आला.

मंडळीत शेत एकाचंही नव्हतं, पण हंगामाचा सण दणक्यात व्हायचा. वेदीपुढे भोपळे, ऊस, नारळ, मुलुंडच्या बाजारातून सकाळी आणलेली कोबी-फ्लॉवर. कुणी तरी पाय बांधलेली कोंबडी आणून ठेवली होती. ती अधूनमधून ओरडायची आणि पोरं खुसखुसायची. पण अंबादासराव वाचायला उभे राहिले आणि पोरंसुद्धा गप्प झाली. ज्याचं नाव घेता येत नाही, त्याच्या आईला बरं कर. हे वाक्य आलं तेव्हा बायकांच्या बाजूला पदर डोळ्यांना लागले.  आजारी बाई चहा मागते तिथे तर एक दोन जण मोठ्याने "हालेलुया" म्हणाले.

उपासना सुटल्यावर राधामावशींनी त्यांना दारातच गाठलं. मंडळीतल्या दुखण्याखुपण्याचा हिशेब या म्हातारीच्या तोंडपाठ. कुणाची किडनी, कुणाचा मोतीबिंदू, सगळं देवाला त्याच कळवायच्या.

"सलाम, मास्तर. रडवलंत की हो! त्या बाईचं नाव काय?"

"अहो मावशी, गोष्ट आहे ती."

"असू दे की गोष्ट. हवेतून येते होय अशी गोष्ट? कुणाचं तरी दुखणं असणारच की त्यात. नाव सांगा, बुधवारच्या प्रार्थनेत घेते. पुरती बरी झाली का ती?"

 नाव अंबादासरावांना माहीत नव्हतं. जूनपासून आता थंडी पडायची वेळ आली, त्या बाईवर त्यांनी पानंच्या पानं लिहिली, आणि ती कोण, कुठे राहते, काय झालंय तिला, हे विचारावं असं एकदाही मनात आलं नव्हतं. त्यांनी गर्दीत सुलक्षणाला शोधलं. ती मघाच निघून गेली होती.

घरी जाताना, वेदीपुढच्या भाज्यांच्या लिलावात घेतलेला भोपळा शेवंताबाईंच्या कडेवर होता.

"शेवंता, तुला ठाऊक होतं? ती आजारी बाई कोण ते?"

"हो."

"कधीपासून?"

"ती बोलली त्याच दिवसापासून. तुम्ही पाणी प्यायला गेलात ना, तेव्हा मी विचारलं तिला."

अंबादासराव रस्त्यातच थांबले. मागून सायकलवाला घंटी वाजवत कडेने गेला.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं? तेही छापून आलं असतं." शेवंताबाईंनी भोपळा या हातावरून त्या हातावर घेतला. हसल्या नाहीत. "आता मला विचारू नका. पोरगी तुमची आहे, तोंड तुम्हाला देवाने दिलंय. तिला विचारा."

दुपारभर त्यांनी तीनदा ती बसली होती त्या गॅलरीच्या दारापर्यंत जाऊन बघितलं. एकदा चष्मा शोधायला, एकदा पेपर मागायला, आणि एकदा काहीच न मागता. विचारणं काही झालं नाही.

संध्याकाळी तिघं चटईवर बसली. सुरुवात नेहमी शेवंताबाईंची आणि शेवट अंबादासरावांचा, पण आज त्यांनीच आधी हात जोडले.

"प्रभू," ते म्हणाले आणि थांबले.

मास्तरांची प्रार्थना म्हणजे कशी रसाळ, असं मंडळीत बोललं जायचं. आज वाक्यच जुळेना.

"प्रभू, एक बाई आजारी आहे. तिच्यासाठी या घरात प्रार्थना झाली. मी ती ऐकली, आणि मी… मला तिचं नावसुद्धा ठाऊक नाही. मी विचारलंच नाही, प्रभू."

खालच्या मजल्यावर कुणाचा तरी टीव्ही चालू होता. कुणी डोळे उघडले नाहीत.

"जयंती," सुलक्षणा म्हणाली. "जयंती परब."

परब. अंबादासरावांना एकदम जूनमधली ती संध्याकाळ आठवली. 'एवढी दिवाळी तरी बघू दे.' पोरीने दिवाळी म्हटलं होतं, आणि त्यांनी ते खोडून नाताळ केला होता. का म्हणाली असेल, असा विचारही न करता. नाव का घेता येत नाही ते आता त्यांना कळलं. याच चटईवर बसून तिच्यासाठी आपल्यातलाच मुलगा मिळू दे, असं वर्षानुवर्षं मागणारे तेच होते.

ते पुढे म्हणाले, "जयंतीबाईंना बरं कर, प्रभू. त्यांचं दुखणं—"

"त्या गेल्या, पप्पा."

"कधी?"

प्रार्थनेच्या मधोमध कुणी कुणाला असं विचारलेलं या घरात कधी झालं नव्हतं.

"नवरात्रात. तुमचा अंक नंतर आला." सुलक्षणाचा आवाज सरळ होता, टेलिफोनवर बोलायची तसा. "त्याने वाचला तो. मी नव्हता दिला, त्यानेच स्टॉलवर बघितला. मला म्हणाला, म्हणजे तुझ्या घरी माहीत होतं. माझी आई सहा महिने अंथरुणात होती, भांडुपला, दोन स्टेशनांवर. कुणी एकदा डोकावलं असतं तर? मी त्याला काय सांगू? की माझ्या घरी वाक्य ऐकलं, पण मला कुणी विचारलं नाही? आपली आई त्यांच्याकडे गेली असती, मीच तिला नको म्हणाले. म्हटलं, पप्पा विचारतील. आधी पप्पा विचारू देत."

शेवंताबाईंनी नाक ओढलं. अंबादासरावांचे मिटलेले डोळे आता गळत होते आणि ते पुसायला त्यांनी हात सोडले नाहीत. गेलेल्यांसाठी मागायचं नाही, ते आता देवाकडे आहेत, त्यांचं आपण काय सांगणार, असं वडिलांनी शिकवलं होतं. म्हणजे त्या बाईसाठी करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. वेळ होती तेव्हा ते गोष्टीचा शेवट लिहीत बसले होते.

"प्रभू," ते कसेबसे म्हणाले, "त्यांच्या मुलाला धीर दे. त्याचं नाव या घरात घेता येत नाही असं माझ्या पोरीला वाटतं. माझ्यामुळे वाटतं. ते तसं राहू देऊ नकोस."

मग शेवंताबाईंनी दोन शब्द म्हटले, ते कुणालाच नीट ऐकू आले नाहीत. सुलक्षणाचा नंबर आला. ती काही बोलली नाही. पाठ केलेलंही नाही. बराच वेळ वाट बघून शेवंताबाईंनीच आमेन म्हटलं.

अंबादासरावांचा घसा खरोखरच कोरडा पडला होता. ते सवयीने गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले.

"बसा तुम्ही," सुलक्षणा म्हणाली.

ती स्वयंपाकघरात गेली. माठावरची झाकणी वाजली. पेला घेऊन आली, त्यांच्या हातात दिला आणि समोर उभी राहिली. त्यांनी तिच्यादेखत सगळं पाणी प्यायलं. तिने पेला परत घेतला, पण हलली नाही.

"प्रार्थनेत नाही, पप्पा," ती म्हणाली. "आता विचारा."

अंबादासरावांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. रडून रडून तिचेही डोळे लाल झाले होते, आणि ते रडणं आजचं नव्हतं, कितीतरी दिवसांचं होतं.

"काय नाव गं त्याचं?" त्यांनी विचारलं.