बूट काढून दाब

आमच्या घरात वयाने सगळ्यात मोठा कोण, तर अ‍ॅम्प्लिफायर. गिटारचा आवाज मोठा करायचं हे खोकं माझ्या नवऱ्याच्या जन्माआधीचं, आणि त्याचा मान सासऱ्यांपेक्षा जास्त. सासऱ्यांच्या अंगावरची धूळ काही कोणी मऊ ब्रशने झाडत नाही. हॉलमधली खिडकीखालची हवेशीर जागा खोक्याची. बाळाचा पाळणा दारामागे, कारण बाळ काय, उद्या मोठं होईल. खोकं आता तेवढंच राहणार.

या खोक्यातून एक लांब वायर निघते आणि तिच्या टोकाला साबणाच्या वडीएवढी लोखंडी डबी आहे. डबीवरचं बटण पायाने दाबलं की गिटारचा आवाज थरथरायला लागतो, पुन्हा दाबलं की सरळ होतो. याला फूटस्विच म्हणतात. तो बिघडला. पुरता मेला असता तर दोन अश्रू ढाळून सुटलो असतो. पण हा मनात आलं तर चालायचा, नाहीतर रुसून बसायचा. असल्या रुसव्यांना जेवढी माणसं लागतात तेवढी आमच्याकडे जमली, म्हणजे नवरा आणि कानसेन.

कानसेन हा नवऱ्याचा कॉलेजपासूनचा मित्र. दिवसभर विमा कंपनीत बसून लोकांचे दावे नाकारतो आणि संध्याकाळी आमच्या सोफ्यावर डोळे मिटून आवाज ऐकतो. कुठलीही तार छेडली की ती कुठल्या सालची हे सांगतो. खरं-खोटं करणार कोण?

दोघांनी आधी आतले काचेचे व्हॉल्व्ह बदलून पाहिले. मग बटणं साफ करायचा फवारा मारला, त्याच्या वासाने मी बाळाला घेऊन गॅलरीत. मग विजेचा दाब कमी-जास्त होतो म्हणून सगळ्या इमारतीला नावं ठेवून झाली. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. या सगळ्यात दोघांच्या पायात बूट. बाहेरचे बूट दाराबाहेर काढायचे हा नियम आमच्याकडेही आहे, पण हे स्टेजवरचे जाड रबरी तळव्यांचे बूट कपाटात राहतात आणि वाजवण्याआधी घरातच चढतात. अनवाणी पायाला स्विचचा अंदाज येत नाही, असं शास्त्र आहे म्हणे.

शास्त्राचं असो. आमचं पिल्लू तेव्हा नुकतंच रांगायला लागलं होतं. दिसेल ते आधी हातात, मग तोंडात. एका संध्याकाळी तिने त्या डबीवर पंजा ठेवला आणि चटका बसल्यासारखा ओढून घेतला. किंचाळून रडली. नवरा म्हणाला, आवाजाला घाबरली. कानसेन म्हणाला, तिला कान आहे. मी डबीला बोट लावलं, तर मुंग्या चावल्यासारखं झालं. सांगितलं, तर नवऱ्याने मायेने माझ्याकडे बघितलं. हे बघणं मी ओळखते. मी रात्री उठून बाळाचा श्वास चालू आहे का पाहते, तेव्हाही तो असंच बघतो.

म्हणून मी बोलणं सोडलं आणि लक्ष ठेवलं. बाळ कडेवर, बोट डबीवर. थरथर रुसलेली असेल त्या दिवशी डबी थंडगार, निरुपद्रवी. थरथर छान चालली की डबी चावणार. म्हणजे वायर कुठेतरी तुटत होती, आणि ती तुटलेली असे तेवढ्यापुरतं माझं बाळ सुखरूप होतं. खरा बिघाड वायरीत नव्हता, खोक्यात होता. वायर बिचारी आडवी पडून आम्हाला वाचवत होती.

खोक्याचा प्लग दोन पिनांचा, अर्थिंगचं नाव नाही. तो बदला, एवढंच मी म्हटलं. त्यावर कानसेनने छातीवर हात ठेवला. तिसरी पिन आली की आवाजातला जुना गोडवा जमिनीत जातो, असं त्याचं म्हणणं पडलं. प्लग ओरिजिनल आहे, त्यापेक्षा माझा गळा काप, असंही नवऱ्याला सांगून झालं. ते मला नाही सांगितलं हे त्याचं नशीब.

आणि एका रविवारी दुपारी त्यांना रोग सापडला. माझ्याच केसांतला आकडा काढून नवऱ्याने तो पकडीत धरून खोक्याच्या मागच्या, वायरीच्या भोकात घातला, तशी थरथर सुरू झाली. म्हणजे खोकं ठीक, खोट वायरीत. डबी उघडली, आत सुटलेली तार दिसली, तिला सोल्डरचा डाग दिला. मग बूट चढले. कानसेनने गिटार घेतली, नवऱ्याने बटण दाबलं आणि हॉलभर थरथर पसरली. दोघांनी एकमेकांना मिठी मारली. बाळ झालं तेव्हा माझ्या वाट्याला एवढी घट्ट आली नव्हती.

पिल्लू कडेवरून डबीकडे झेपावत होतं. मी स्वयंपाकघरातल्या खणातून टेस्टर आणला आणि डबीला टेकवला. त्यातला दिवा लालभडक पेटला.

"वहिनी, टेस्टरचं काही खरं नसतं," कानसेन म्हणाला. "तो नुसत्या हवेनेही पेटतो."

"बरं. मग भावजी, बूट काढून दाबा."

त्याचा पाय नेमका आदल्या दिवशी मुरगळला होता.

मी नवऱ्याकडे वळले. "मग तू काढ. पिल्लू अनवाणीच असतं."

तो हसला. खाली वाकला, एका बुटाची नाडी सोडली. मग हात तिथेच राहिला. टेस्टरचा दिवा अजून पेटलेला होता, आणि पिल्लू माझ्या कडेवरून त्या डबीसाठी दोन्ही हात पसरून रडत होतं. त्याने एकदा डबीकडे पाहिलं, एकदा तिच्या तळव्यांकडे. बूट काही निघाला नाही. सुटलेली नाडी फरफटत तो भिंतीपाशी गेला आणि प्लग उपटला. थरथर हळूहळू विरून गेली. कानसेनला काम आठवलं.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने स्वतः वायरमन बोलावला. त्याने आतला वीज गळणारा एक जुना भाग काढला, ओरिजिनल प्लग कात्रीने कापला, तीन पिनांचा बसवला. मी टेस्टर टेकवला. नाही पेटला. बोट लावलं. काही नाही. तरी आणखी दोनदा लावून पाहिलं, आणि या वेळी कोणी माझ्याकडे मायेने बघितलं नाही. नवऱ्याची एकच विनंती होती, कानसेनला कळू द्यायचं नाही. दुःख सहन व्हायचं नाही त्याला.

पुढच्या आठवड्यात कानसेन आला. प्लग पडद्यामागे होता. तो सोफ्यावर बसला, डोळे मिटले, नवऱ्याने तार छेडली.

"ऐकलंस?" कानसेन म्हणाला. "हा दोन पिनांचा गोडवा. तिसरी लावली असतीस, तर हा कायमचा गेला असता."

नवऱ्याने घसा खाकरला. पिल्लू रांगत डबीपाशी गेलं आणि दोन्ही उघड्या हातांनी बटणावर रेललं. आवाज थरथरला. मी जागची हलले नाही, जरा अवघड गेलं, पण नाही हलले.

"वा," मिटल्या डोळ्यांनी कानसेन म्हणाला, "बूट घातल्याशिवाय असा पाय पडत नाही."