पाणक्या

माझी बायको दगड पाळायची. हे मी लोकांना मुद्दाम असंच सांगतो. मग ते माझ्याकडे बघतात आणि गालातल्या गालात हसतात, कारण त्यांना वाटतं तो दगड म्हणजे मीच. वाटू दे. अगदीच खोटं नाही ते.

पण खरे दगड गॅलरीत होते. दुपारचं ऊन जिथे सगळ्यात जास्त वेळ रेंगाळतं तिथे तिने उथळ कुंड्यांची रांग मांडली होती. कुंड्यांत बारीक खडी, जाड वाळू आणि नावाला माती. त्या खडीत डोळे बारीक करून पाहिलं तरच दिसायची अशी झाडं. झाडं तरी कसली, दोन गुबगुबीत पानं एकमेकांना चिकटलेली आणि मध्ये एक चीर. ना देठ, ना फांदी. रंगही खडीचाच, कुणी राखाडी, कुणी विटकरी. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडच्या कोरड्या माळांवर ती गोट्यांत गोटा होऊन दडून बसतात, म्हणजे जनावरं खात नाहीत. लिथॉप्स म्हणतात त्यांना. मी आयुष्यात कधी लिथॉप्स म्हटलं नाही. "तुझे दगड" म्हणायचो, आणि ती म्हणायची, "असू देत. तुमच्यापेक्षा जास्त ऐकतात."

ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. त्यामुळे डोळा बारीक, हात स्थिर आणि चिकाटी म्हणाल तर अंगावर काटा यावा अशी. हे दगड तिने बियांपासून वाढवले होते. त्यांचं बोंड सुकलं की लाकडासारखं टणक होतं. ते फोडायचं नाही. त्यावर पाण्याचा एक थेंब सोडायचा आणि थांबायचं. मग त्या मेलेल्या बोंडाचं तोंड हळूहळू आपलं आपण उघडतं. "अहो, या लवकर, उघडतंय!" अशी ती हाक मारायची आणि मी हातातला पाना टाकून धावायचो. एवढ्याशा गोष्टीसाठी आपण का धावतो, हा प्रश्न मला तेव्हा कधी पडला नाही.

मी नळवाला. लोकांच्या घरी पाणी पोचवण्यात आयुष्य गेलं. कुठे काही कोरडं दिसलं की माझे हात शिवशिवतात. त्यामुळे व्हायचं ते झालं. दगड मोठे झाल्यावरच्या पहिल्याच थंडीच्या शेवटी एक दिवस मी पाहिलं, तर सगळ्यांच्या अंगावर सुरकुत्या. ती दुकानात गेलेली. मला कळवळा आला. मी मगाने प्रत्येकाला पोटभर पाणी घातलं आणि वर ती आल्यावर शाबासकीची वाट बघत बसलो. दोन-चार दिवसांत निम्मे दगड उभे फाटले आणि त्यांचा चिखल झाला.

तिने चिखल झालेल्या कुंड्या एकेक करून रित्या केल्या. मग म्हणाली, "पाणी पाजून मारलंत त्यांना."

"सुकली होती गं."

"सुकली नव्हती. त्यांच्या पोटात नवी जोडी धरलीय. बाहेरची पानं आपलं सगळं पाणी आतल्या पानांना देत असतात. देऊन झालं की बाहेरची कागदासारखी होऊन गळतात. मध्येच आपण वरून ओतलं की आतली-बाहेरची दोन्ही फुगतात आणि फुटतात."

"मग आपण काय करायचं?"

"बघत बसायचं."

"त्यात कसलं आलंय काम?"

"तेच तर अवघड आहे," ती म्हणाली. "तुम्हाला नाही जमायचं, पाणक्या."

त्या दिवसापासून मी पाणक्या झालो. आमच्या लेकीसमोर, पाहुण्यांसमोर, भर दुकानात तिच्या मालकासमोरसुद्धा पाणक्या. मी वरवर चिडायचो. आता त्या हाकेसाठी मी काहीही देईन, पण मारणारं कुणी उरलेलं नाही.

तिच्या किडन्या गेल्या तेव्हा डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं की डायलिसिस सुरू करावं लागेल आणि पाणी मोजून प्यावं लागेल. लघवी होत नाही म्हणजे प्यालेलं सगळं अंगात साठणार, पायांत, पोटात, शेवटी छातीत. चहा, दूध, सार, जे जे पातळ ते सगळं त्या मोजात धरायचं. "घरात हे कोण सांभाळेल?" असं त्यांनी विचारलं. तिने माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "हे. आमच्याकडे खानदानी पाणक्या आहे." डॉक्टरही हसले. माझ्या मात्र तोंडचं पाणी पळालं होतं.

सकाळी मी तिची दिवसाची बाटली भरायचो. छोटीशी. गोळ्या त्यातच, चूळ त्यातच. ती घोट तोंडात घेऊन इतका वेळ घोळवत बसायची की मला दुसरीकडे बघावं लागायचं. बर्फाचा खडा चघळायला द्या, लिंबाची फोड चाटायला द्या, असं नर्सने सांगितलं होतं. आम्ही सगळं केलं. तहान अशी भागते होय? ती झोपेतही ओठांवरून जीभ फिरवायची.

स्वयंपाकघरातला नळ ठिबकायचा. नळवाल्याच्या घरातला नळ, तो ठिबकायचाच. एका दुपारी माझ्या लक्षात आलं की ती पलंगावर पडून तो आवाज ऐकतेय. मी लगेच उठलो, घरातल्या झाडून सगळ्या नळांचे वायसर बदलले, फ्लशची टाकी दुरुस्त केली, वरच्या मजल्यावर जाऊन तिथलाही नळ न सांगता आवळून आलो. घर अगदी गप्प झालं. मी हात पुसत खोलीत आलो तर म्हणाली, "अहो, तो आवाज तरी राहू द्यायचा होता."

पान्याने आवळता येतं तेवढंच मला येतं.

एकदा ती चोरून पाणी प्यायली. मी कामावर होतो. परत आलो तर ती खिडकीच्या गजाला धरून उभी, ओठ निळे, श्वास मिळेना. छातीत पाणी भरलं होतं. आडवं करावं तर आणखी गुदमरायची. दवाखान्यात नेईपर्यंत ती माझ्या बाहीला अशी घट्ट धरून होती की शिवण उसवली. त्या दिवशी ती वाचली, पण माझ्यात काहीतरी कायमचं आकसलं. त्यानंतर मी बाटलीच्या बाबतीत कुणाच्या बापाचं ऐकलं नाही. ती रडली तरी नाही. "माझंच शास्त्र माझ्यावर चालवताय," ती म्हणायची, आणि मी छातीवर दगड ठेवून बाटलीचं झाकण लावायचो.

थंडी सरत आली होती. तिचे पाय सुजलेले, तरी दुपारी ती गॅलरीत खुर्ची टाकून बसायची आणि भिंग घेऊन दगड तपासायची. सगळ्यांवर सुरकुत्या पडायला लागल्या होत्या. सगळ्यात जुन्या विटकरी दगडाला ती थोरली म्हणायची. पहिल्या बियांतल्या, माझ्या हातून वाचलेल्यांपैकी आता ती एकटीच उरलेली. "थोरलीच्या चिरेतून नवी जोडी डोकावतेय," तिने मला भिंगातून दाखवलं. "आता हिचं सगळं अंग वाळेपर्यंत एक थेंब नाही. कितीही दया आली तरी. ऐकलंत?"

"ऐकलं."

"मी नसले तरी."

"नसायला कुठे चाललीस?"

तिने भिंग पदराला पुसलं आणि मग अगदी सहज, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं म्हणाली, "आज मला एक ग्लास पाणी द्या. काठोकाठ. न मोजता."

दुसऱ्या दिवशी डायलिसिस होतं. म्हणजे अंगात आधीच पाणी साठलेलं. बाटलीत तळाशी थोडं उरलं होतं आणि अजून रात्रीच्या गोळ्या बाकी होत्या.

"उद्या मशीनवरून आलीस की देतो," मी म्हणालो.

"उद्या तुम्ही मोजूनच द्याल. मला आज हवंय. एकदाच. गटागटा पिऊन ग्लास खाली ठेवायचाय मला. बाकी काही नको."

"नाही."

"अहो."

"नाही म्हटलं ना!" मी ओरडलो. ओरडायला नको होतं, पण माझ्या डोळ्यांसमोर तिचे निळे ओठ होते. ती मान फिरवून बसली. मी आत जाऊन उगाच भांड्यांची आदळआपट केली. जरा वेळाने बाहेर आलो तर ती माझ्याकडेच बघत होती.

"पाणक्या कसले तुम्ही," ती म्हणाली. "दगड आहात."

"तुझ्याच हाताखाली शिकलोय," मी म्हणालो.

यावर ती हसली. खरंच हसली, आणि हसता हसता तिला खोकला आला. ते आमचं शेवटचं धड बोलणं.

दुसऱ्या दिवशी मशीनवर असतानाच तिचं ब्लडप्रेशर कोसळलं. पळापळ झाली, मला बाहेर काढलं. पुन्हा आत घेतलं तेव्हा ती डोळे मिटून होती. ओठांवर पापुद्रे आले होते. नर्सने मला ओला कापूस दिला आणि म्हणाली, "ओठांना लावा नुसता." मी लावला. एक थेंब पडला, आणि तिचे ओठ हळूच उघडले, त्या बोंडासारखे. मी दुसरा थेंब सोडला. तो तसाच गालावरून खाली उशीत गेला.

लेक आली, राहिली. आईच्या वस्तू आवरताना मध्येच खाली बसून रडायची, पुन्हा उठायची. एका सकाळी ती पाण्याचा मग घेऊन गॅलरीत निघाली. "बाबा, आईची झाडं किती वाळलीत. तुम्ही पाणीसुद्धा घातलं नाहीत?"

"हात लावू नकोस!" मी एवढ्या जोरात ओरडलो की तिच्या हातातून पाण्याचा मग सुटला. फरशीवर पाणी पसरलं. ती तशीच उभी राहिली.

"आईवरही असेच ओरडायचात तुम्ही," ती म्हणाली. "फोनवर सांगायची मला. हसून सांगायची, पण सांगायची."

ती फडकं आणायला आत गेली. मी तिथेच राहिलो. समोर थोरली होती, आक्रसलेली, म्हातारीच्या कोपरासारखी. मला सगळं ठाऊक होतं. पोटात नवी जोडी आहे, थेंबही घालायचा नाही, कितीही दया आली तरी, हे सगळं पाठ होतं. मी स्वयंपाकघरात गेलो, ग्लास घेतला, नळ सोडला आणि काठोकाठ भरला. थोडं पाणी हातावर सांडलं. मोजलं नाही. गॅलरीत येऊन तो ग्लास मी थोरलीच्या कुंडीत सावकाश, पूर्ण रिकामा केला.

मेली तर मेली, पण तहानलेली नको, एवढंच माझ्या मनात होतं.

खडीने पाणी चटकन ओढून घेतलं. काही दिवसांत थोरलीच्या सुरकुत्या गेल्या. ती अशी टरारून, तुकतुकीत फुगली की लेक म्हणाली, "बघा बाबा, किती छान दिसतेय. उगाच घाबरत होतात." मी हो म्हणालो. मी खुळ्यासारखा थोरलीकडे बघत बसायचो. मला बरं वाटत होतं, खरं सांगतो. वाटलं, एक ग्लास दिला असता तरी काय बिघडलं असतं? आणि असं वाटताच जीव नुसता जळायचा.

मग एका सकाळी थोरली फाटलेली दिसली. आडवी, कडेपासून चिरेपर्यंत. आतली कोवळी जोडीही मधोमध उकललेली. मी तिला उचलायला गेलो तर ती माझ्या बोटांतच विरघळली आणि पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. सगळं पाणीच होतं. मीच घातलेलं.

लेक मागे येऊन उभी राहिली होती. आईने मागितलेल्या त्या ग्लासाचं मी तिला आधीच सांगितलं होतं. ती हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे आईला दिलं असतं तर..."

"हो."

"मग तुम्ही बरोबरच होतात, बाबा."

"बरोबर होतो गं," मी म्हणालो. "पण ती तहानलेली गेली."

लेकीने माझा हात धुऊन दिला, लहान मुलाचा धुवावा तसा, नळाखाली धरून. नळ बंद केल्यावर ठिबकला नाही.

ती गेली तिच्या घरी. बाकीचे दगड अजून सुरकुतलेले आहेत. शेजारी डोकावून म्हणतात, जरा पाणी घाला हो बिचाऱ्यांना. मी मान हलवतो. दुपारी ऊन आलं की तिची खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसतो, त्यांच्याकडे बघतो, आणि देत नाही.