सातव्या खिडकीवरची अंडी

यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. ठेवू नका, माझं काही अडत नाही. पण पासो मापाचेच्या सरहद्दीवरच्या नाक्यावर आज तुम्ही एका खिडकीत एक कागद सरकवता आणि कॉफी निवायच्या आत पूल ओलांडता ना, ते माझ्यामुळे, या निकानोरमुळे. नोल्विया, तूही ऐक गं, भाकऱ्या थापता थापता.

तेव्हा नाक्यावर सात खिडक्या होत्या. पहिलीच्या शिक्क्याशिवाय दुसरी तोंड उघडायची नाही. सहावी गाडीवर जंतुनाशक फवारणीची. तिचा शिक्का दिवस मावळला की शिळा. सातवीपुढे पोचेपर्यंत दिवस मावळायचाच, मग सकाळी पुन्हा सहावीपुढे उभं राहायचं. ड्रायव्हर लोकांनी ट्रेलरखाली झोळ्या बांधून संसारच थाटले होते.

माझ्या गाडीत एदुविनाची उबवणीची अंडी होती. पलीकडे तिचा कोंबड्यांचा धंदा. रोग आला आणि खुराडी रिकामी झाली. ही अंडी पोचली तर धंदा, नाहीतर दाराला कुलूप. बाई पुलापलीकडे कमरेवर हात ठेवून उभी असायची, मला इकडून दिसायची. आणि नाक्याचा कायदा असा, की कागदावर एक आणि गाडीत दुसरं निघालं, तर माल मागच्या खड्ड्यात जाळायचा. त्या खड्ड्यातून धूर निघाला नाही असा दिवस नसे.

त्यात गाडीची थंड हवा बंद पडली. बाहेर ऊन असं, की तव्याची गरज नाही.

सातव्या खिडकीचा बुस्तिलोसाहेब गाडीपाशी आला आणि आतून 'चिव' झालं. मी जोरात खोकलो. पुन्हा चिव. मी गाणं धरलं.

"निकानोर, आत काय आहे?"

"अंडी, साहेब."

"अंडी गातात?"

"खुशीत असली की गातात."

त्याने दार उघडलं. पिवळाधमक लोंढा त्याच्या बुटांवर सांडला.

"कागदावर अंडी, गाडीत पिल्लं," तो म्हणाला. "जाळा."

खड्ड्यापाशी काडी पेटली. पण माझी जीभ कधी लटपटली नाही.

"जाळा की. पण वर खरं कारण लिहा. आलो तेव्हा अंडीच होती, तुमच्या शिक्क्यांनी ती उबवली. या नाक्यावर माल इतका थांबतो की त्याला पाय फुटतात, असं लिहा."

बुस्तिलोचं पेन हवेतच राहिलं. तसं लिहिलं तर राजधानीतून पहिली चौकशी त्याचीच.

"विझव ती काडी," तो पुटपुटला. "आणि तू जिवंत पक्ष्यांचे कागद आण."

ते कागद राजधानीतून, तेगुसिगल्पाहून येईपर्यंत पिल्लांना तुरे फुटले. रांगेत मक्याचे ट्रकही कुजत पडले होते, त्यामुळे दाण्याची ददात नव्हती. आता कागदावर पिल्लं, गाडीत कोंबड्या! आणि त्याच सकाळी राजधानीतून मोठा तपासनीस येऊन थडकला.

"या खेपेला माझ्या हातात काही नाही रे," बुस्तिलो घाम पुसत म्हणाला. खड्ड्यापाशी पुन्हा काडी.

पलीकडून एदुविना किंचाळली, "निकानोर, मेल्या! माझा माल जळला तर तुलाही त्याच खड्ड्यात ढकलीन!"

तपासनिसाने दाराच्या कडीला हात घातला. मी पिल्लांचा कागद शर्टात कोंबला आणि तो पहिला, जुना कागद पुढे केला. सहावीचा शिक्का त्यावर सकाळीच ताजा करून घेतला होता.

कडी निघाली. दार कुरकुरलं. बुस्तिलोने डोळे मिटले.

आत टोपल्याच टोपल्या, आणि टोपल्यांत अंडी! ताजी, अजून कोमट. रातोरात घातलेली.

तपासनिसाने कागद वाचला: अंडी. माल पाहिला: अंडी. मग त्याची नजर पहिल्या शिक्क्याच्या तारखेवर गेली आणि त्याचे कान लाल झाले. "अंड्यांचा एक कागद फिरवायला एवढे महिने?" त्याने सातवा शिक्का स्वतःच्या हाताने मारला आणि तिथल्या तिथे सहा खिडक्यांना फळ्या ठोकायला लावल्या. मी गाडी पुलावर घातली. एदुविना रडत होती आणि मला शिव्याही देत होती.

तव्यावरची भाकरी करपली तरी नोल्विया माझ्याकडेच बघत होती.

"काका," ती म्हणाली, "कागदावर अंडी, दारात अंडी, सगळं जुळलं. पण ती घालणाऱ्या गाडीभर कोंबड्या, त्या तेव्हा काय तपासनिसाच्या टोपीखाली बसल्या होत्या?"