अर्ध्या दिवसात देश

माझ्या भाच्यानं आमच्या ताईला अख्खा देश अर्ध्या-अर्ध्या दिवसाच्या तुकड्यांत दाखवला. तो एका टूर कंपनीत साहेब आहे. जगातली कुठलीही गोष्ट जेवणाच्या आधी उरकता येते, यावर त्याचा ठाम विश्वास आहे.

ताई खरं म्हणजे देश बघायला आलीच नव्हती. भावोजी गेल्यावर तिनं भाड्याचं घर सोडलं आणि लेकाकडे कायमची राहायला निघाली. "माझ्याकडे राहा," असं मी म्हणून पाहिलं होतं. "पोटचा मुलगा असताना बहिणीच्या दारात कशाला?" असं म्हणून तिनं मला गप्प केलं. मी आपली तिला पोचवायला आले होते.

स्टेशनवर भाचा हसतमुखानं आला आणि त्यानं आम्हाला थेट हॉटेलात नेलं.

"घरात रंगकाम चाललंय गं, आई. तोवर देश बघून घे. मग निवांत ठरवू तुझ्या राहण्याचं."

झालं. दुसऱ्या दिवसापासून आमची वरात सुरू. सकाळी किल्ला, दुपारी धरण. सकाळी राजवाडा, दुपारी काचेचा कारखाना. पुढे मिटलेली छत्री उंच धरून चालणारा गाइड, मागे आम्ही. या छत्रीवाल्याला प्रत्येक राजाच्या राण्या पाठ होत्या, पण संडास कुठे आहे ते विचारलं की तो इकडेतिकडे बघायचा. राजवाड्याच्या दरबारात मी जरा भिंतीला टेकले, तर म्हणाला, "मावशी, इथे थांबायचं नाही, इथे फक्त बघायचं." चारशे वर्षं बांधत होते म्हणे तो राजवाडा. आम्ही तो चहा गार व्हायच्या आत संपवला.

ताई मात्र खूश. लेकानं दाखवलंय म्हटल्यावर तिला धरणाची भिंतसुद्धा देखणी वाटायची. संध्याकाळी भाचा दहा मिनिटं हॉटेलात डोकावायचा, फोटो बघून "वा, वा" करायचा.

"रंग झाला का रे?" ताई रोज विचारायची.

"अजून ओला आहे, आई."

इतके दिवस ओला राहणारा रंग कोण विकतं ते मला एकदा बघायचं होतं. पण तशी टूर नव्हती. मी ताईला म्हटलंही, "अगं, हा तुला झुलवतोय." ती माझ्यावरच डाफरली. तुला मूल नाही, तुला काय कळणार, इथपर्यंत गेली. मला ते लागलं, आणि मी तोंड बंद केलं.

मग एके दिवशी भाचा म्हणाला, "उद्या मी स्वतः गाडी घेऊन येतो. खास जागा दाखवायचीय." ताईनं नवी साडी काढली.

गावाबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी एक पांढरी इमारत होती. हिरवळ, बाकं, जिकडेतिकडे धरायला कठडे. पांढरा कोट घातलेली एक बाई हसत सामोरी आली. ताई इतकी सराईत झाली होती, की तिनं लगेच पर्समधून चष्मा काढला.

"कधी बांधलं हे? राजाचंच असेल ना?"

"नाही आजी, आमच्या ट्रस्टचं आहे," कोटवाली म्हणाली आणि तिनं भाच्याकडे पाहिलं. भाचा फुलझाडं बघत होता.

व्हरांड्यात एक आजोबा बसले होते. ताई त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि मला फोटो काढायला लावला.

"तुम्ही कुठल्या टूरबरोबर आलात?" तिनं विचारलं.

"टूर कसली? मुलानं आणून सोडलं," आजोबा म्हणाले.

"हौशी दिसतो हो. माझाही तसाच आहे."

फोटो हललाच. मला कळलं होतं, आणि ताईला कसं सांगावं ते कळत नव्हतं. भाच्याच्या कानाखाली एक वाजवावी असं मात्र फार वाटलं.

कोटवालीनं जिन्यापाशी एक खोली उघडली. खाट, कपाट, खिडकी, उशाशी नर्सला बोलवायचं लाल बटण. ताई म्हणाली, "छान उजेड आहे. नशीबवान हो इथली माणसं." आणि तिचं बोलणं तिथेच थांबलं. खाटेवर तिची बॅग ठेवलेली होती. आम्ही निघाल्यावर भाच्यानं ती हॉटेलातून इथे हलवायला लावली होती.

"आई, इथे डॉक्टर आहेत, सोबत आहे," भाचा त्याच्या टूरवाल्या आवाजात सांगू लागला. "आम्ही नवराबायको दोघं दिवसभर बाहेर. आणि दर रविवारी मी..."

ताईनं चष्मा काढून पर्समध्ये ठेवला.

"रंग देत होतास का रे घराला?"

भाचा कपाटाचं दार उघडून आतले कप्पे दाखवू लागला.

"'माझ्या घरात तुला जागा नाही', एवढं एक वाक्य तोंडातून निघत नव्हतं, म्हणून सगळा देश फिरवलास मला?"

"आई, तसं नाही गं."

ती रडली नाही. मीच रडत होते. भाचा बॅग उचलायला पुढे झाला, तेव्हा तिनं त्याचा हात बाजूला केला आणि बॅग माझ्याकडे दिली.

"चल, तुझ्याकडे," ती म्हणाली. "आणि वाटेत मला काही बघायचं नाहीये."